एक्स-रेमध्ये दिसलेली पोकळी: किडनी प्रत्यारोपणानंतरच्या फुप्फुसातल्या म्युकरमायकोसिसचं एक प्रकरण

म्युकरमायकोसिस म्हणजे म्युकर जातीच्या बुरशीचा संसर्ग, लोक ज्याला 'काळी बुरशी' म्हणतात तो. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. हे लिहिताना डोळ्यासमोर दोन वाचक आहेत: प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरची मंडळी, आणि असा रुग्ण ज्यांच्या दारात सगळ्यात आधी येतो ते तालुक्याच्या गावातले डॉक्टर.

पार्श्वभूमी

रुग्ण सातारा जिल्ह्यातला शेतकरी, वय ४३. ऊस, सोयाबीन आणि गोठ्यात चार जनावरं. किडन्या निकामी होण्याचं नेमकं कारण कधी सापडलं नाही. आमच्याकडे आला तेव्हा दोन्ही किडन्या आकसलेल्या होत्या आणि डायलिसिस सुरू झालं होतं. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा एसटीने शहरात जाऊन डायलिसिस घेतल्यावर आईने किडनी दिली. जानेवारीच्या अखेरीस पुण्यात प्रत्यारोपण झालं.

रक्तगट जुळत होता. पण डायलिसिसच्या काळात दोन-तीनदा रक्त चढवावं लागल्यामुळे शरीरात अँटीबॉडी तयार झाल्या होत्या. म्हणून सुरुवातीलाच एटीजी हे जोरकस औषध द्यावं लागलं. त्याने टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात आणि त्या पूर्ववत व्हायला महिने लागतात. पुढे शरीराने किडनी नाकारू नये म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारी नेहमीची तीन औषधं: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. शिवाय न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसातली बुरशी आणि सीएमव्ही हा विषाणू टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल आणि व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर.

सहाव्या आठवड्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी, आकडा वाढला की काम घटलं) १.२ वरून २.१ वर गेलं. बायोप्सीत रिजेक्शन दिसलं, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारत होतं. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे ५०० मिलिग्रॅमचे तीन डोस दिले आणि क्रिएटिनिन १.४ वर येऊन थांबलं. किडनी सावरली, पण साखर वाढली. या माणसाला आधी मधुमेह नव्हता. टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड दोन्हीही साखर वाढवतात, त्यामुळे प्रत्यारोपणानंतर नव्याने मधुमेह होणं आमच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. जेवणानंतरची साखर ३०० च्या पुढे जाऊ लागली तेव्हा इन्सुलिन सुरू केलं.

एटीजी, त्यावर रिजेक्शनसाठी दिलेलं भरपूर स्टिरॉइड आणि त्यावर वाढलेली साखर. म्युकर जातीच्या बुरशीला याहून सोयीची जमीन मिळत नाही. श्वासावाटे आत गेलेले बीजाणू पहिल्या फेरीत टिपायचं काम फुप्फुसातल्या भक्षक पेशी करतात. साखर वाढलेली आणि स्टिरॉइड चालू असताना नेमक्या त्याच पेशी ढिल्या पडतात.

एप्रिलच्या मध्यावर त्याला गावी जायची परवानगी मिळाली. मे महिन्यात पावसाआधीची कामं निघाली. उकिरडा उपसून शेणखत ट्रॉलीत भरायचं होतं. त्याने स्वतः फावडं धरलं नाही, माणसं लावली होती. पण दोन दिवस तो उकिरड्याच्या कडेला उभा राहून काम करून घेत होता. मास्क खिशात होता, उकाड्यामुळे तोंडावर नव्हता. हे सगळं आम्हाला नंतर कळलं, मुद्दाम खोदून विचारल्यावर.

काय झालं

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताप आला, १०० ते १०१. कोरडा खोकला आणि दीर्घ श्वास घेतला की उजव्या बाजूला वरच्या भागात कळ. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाच दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दिलं. ताप उतरला नाही, उलट बेडक्यात रक्ताची रेघ दिसली. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गोल सावली होती आणि तिच्या मध्यभागी फिकट जागा. अहवालात लिहिलं होतं: पोकळी, क्षयरोगाची शक्यता.

तिथल्या डॉक्टरांचा हा अंदाज रास्तच होता, असं मी म्हणेन. जगात सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात आहेत, वरच्या भागातली पोकळी ही टीबीची नेहमीची जागा आणि प्रत्यारोपण झालेल्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. बेडक्याची साधी तपासणी निगेटिव्ह आली होती, सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीचा अहवाल यायचा होता. तोवर थांबण्यापेक्षा एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करावी, असं ठरलं.

पहिला डोस घेण्याआधी त्याच्या बायकोने आमच्या प्रत्यारोपण समन्वयक ताईंना फोन केला. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत एक ओळ असते: कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी या नंबरवर विचारा. ती म्हणाली, "ताई, टीबीच्या गोळ्या दिल्यात. रोज चार घ्यायच्यात. किडनीच्या गोळ्यांबरोबर चालतील का?"

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तिने विचारला. ताईंनी गोळ्या थांबवायला सांगितलं आणि त्याच दिवशी पुण्याला बोलावून घेतलं.

भरतीच्या दिवशीचं चित्र

साध्या हवेत ऑक्सिजन ९३ टक्के, ताप १०१, साखर ३१८. क्रिएटिनिन १.६. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी ९.१, म्हणजे त्या टप्प्यावर आम्हाला हवी त्याहून थोडी वरच. प्लेटलेट एक लाख दहा हजार. वजन ५८ किलो.

छातीचा सीटी त्याच संध्याकाळी केला, किडनीला त्रास नको म्हणून कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचा रंगद्रव) न देता. एक्स-रेवर जी पोकळी वाटत होती ती पोकळी नव्हतीच. साडेचार सेंटिमीटरचा डाग, बाहेरून घट्ट जाड कडं आणि आत धूसर पण भरलेलं फुप्फुस. शेजारी फुप्फुसाच्या आवरणात थोडं पाणी. याला रिव्हर्स हॅलो म्हणतात. ते टीबीतही दिसू शकतं आणि इतर काही आजारांतही, त्यामुळे तो पुरावा नव्हे. पण रोगप्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात कडं असं गुळगुळीत असेल, आवरणात पाणी असेल आणि साखर अनावर असेल, तर म्युकरचा विचार यादीत सर्वांत वर न्यावा लागतो.

यादी तरीही लांब होती: टीबी, बुरशींपैकी अ‍ॅस्परजिलस, म्युकर आणि क्रिप्टोकॉकस, नोकार्डिया नावाचा जिवाणू, साधा जिवाणूंचा गळू. अवयव प्रत्यारोपणानंतरच्या बुरशीजन्य संसर्गांची अमेरिकेतल्या २३ केंद्रांनी २००१ ते २००६ या काळात जी मोजदाद केली, तिच्यात कँडिडा निम्म्याहून थोडा जास्त, अ‍ॅस्परजिलस सुमारे १९ टक्के आणि म्युकर जेमतेम २ टक्के होता. ते आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडे मधुमेह मोठा आहे, हवा आणि माती वेगळी आहे, आणि म्युकर इथे कितीतरी जास्त दिसतो. मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितलं, तेव्हा 'काळी बुरशी' घराघरांत माहीत झाली. मात्र लोकांच्या मनात ती नाक, डोळा आणि जबड्याशी जोडली गेली. ती थेट फुप्फुसात उतरते, नाक-डोळे अगदी साफ असताना, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय: एकेटी देऊन बघायचं. याला मी ठाम विरोध केला, आणि तो केवळ निदानाच्या शंकेमुळे नव्हे. एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृतातली औषधं विघटित करणारी यंत्रणा वेगाने चालू करतं. आठवड्या-दोन आठवड्यांत टॅक्रोलिमसची पातळी कोसळते आणि किडनी पुन्हा रिजेक्शनच्या तोंडाशी येते. पुढे बुरशीवरच्या गोळ्या द्यायची वेळ आली तर त्याही निकामी ठरतात, कारण व्होरिकोनाझोल आणि आयसाव्हुकोनाझोल या दोन्हींची पातळी रिफाम्पिसिन खाली ओढतं. औषध बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला आणखी दोन आठवडे लागतात. इतरांना 'देऊन बघू, फरक पडला तर टीबी' हे कधी चालत असेल. प्रत्यारोपणाच्या रुग्णात त्या बघण्याचीच मोठी किंमत मोजावी लागते. टीबी खरोखर सिद्ध झाला असता तरी आम्ही रिफाम्पिसिन वगळूनच औषधं आखली असती.

दुसरा पर्याय: जोरदार अँटिबायोटिक देऊन तीन-चार दिवस थांबायचं. अँटिबायोटिक आम्ही दिलं, पण थांबलो नाही.

तिसरा: रक्तातल्या गॅलॅक्टोमॅनन या बुरशीच्या घटकाच्या अहवालावर विसंबायचं. ही तपासणी अ‍ॅस्परजिलससाठी आहे, आणि पांढऱ्या पेशी पुरेशा असलेल्या प्रत्यारोपण रुग्णांत रक्तातून ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते. म्युकरमध्ये तर ती निगेटिव्हच असते. बीटा-डी-ग्लुकान या बुरशीसाठीच्या दुसऱ्या रक्ततपासणीचंही तसंच. म्हणजे निगेटिव्ह अहवालाने धीर यावा असं काही नव्हतं.

चौथा: व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू करायचं. अ‍ॅस्परजिलसवर ते उत्तम आणि किडनीलाही फारसं जड नाही. पण म्युकरवर त्याचा काडीचा उपयोग नाही. डाग म्युकरचा असता तर आठवडा वाया गेला असता, आणि तो आठवडा परत मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा २००८ चा एक अभ्यास आमच्या चर्चेत होता: निदान झाल्यापासून म्युकरवरचं मुख्य औषध अ‍ॅम्फोटेरिसिन द्यायला सहा दिवस किंवा अधिक उशीर झालेल्यांत बारा आठवड्यांतले मृत्यू ८३ टक्के, आणि त्याआधी औषध मिळालेल्यांत ४९ टक्के. रुग्ण वेगळे, पण बुरशी तीच. आमच्या रुग्णाचे सात-आठ दिवस गावीच गेले होते.

पाचवा पर्याय आम्ही निवडला: लगेच नमुना घ्यायचा, आणि तो हाती आल्याबरोबर अहवालाची वाट न बघता लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन सुरू करायचं. ते म्युकर आणि बहुतेक अ‍ॅस्परजिलस अशा दोन्हींवर चालतं. अडचण एकच. चार महिन्यांपूर्वी बसवलेल्या किडनीला ते त्रास देतं.

नमुना

सुई छातीतून घालायची की ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी) करायची यावर दहा मिनिटं खल झाला. डाग कडेला होता, सुईला सोपा. पण ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, रक्त आधीच पडत होतं आणि बाहेरून सुई घातल्यावर रक्तस्राव झाला तर तो आवरायला हाताशी काही नसतं. ब्रॉन्कोस्कोपीत रक्त येतं ते किमान डोळ्यासमोर दिसतं आणि थंड सलाइन, अ‍ॅड्रिनलिन वापरता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॉन्कोस्कोपी झाली. उजव्या वरच्या शाखेच्या तोंडाशी करडा, मळकट थर होता. धुवण घेतलं, चिमट्याने पाच तुकडे घेतले. थोडं रक्त आलं, थांबलं.

प्रयोगशाळेला जाणाऱ्या चिठ्ठीवर एक सूचना मुद्दाम लिहिली होती: म्युकरची शंका, तुकडा वाटू नये, कापावा. या बुरशीचे तंतू रुंद आणि नाजूक असतात, त्यांत आडवे पडदे फारसे नसतात. तुकडा घोटला की तंतू फुटून मरतात आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. अशी एक ओळ लिहायला काही लागत नाही, पण ती राहून जाते.

दुपारी सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टरांचा फोन आला. केओएचमध्ये (बुरशी पटकन दिसावी म्हणून रसायन घालून केलेली तपासणी) रुंद, फितीसारखे तंतू, पडदे जवळपास नाहीत, फांद्या काटकोनात फुटलेल्या. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, पडदे असलेले आणि फांद्या तिरक्या कोनात असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक अनुभवी नजरेला लगेच कळतो. तिसऱ्या दिवशी कल्चरची अख्खी बशी राखाडी-पांढऱ्या लवीने झाकणापर्यंत भरली होती: रायझोपस अ‍ॅरायझस, म्हणजे म्युकर गटातलीच बुरशी. त्याच सुमारास पॅथॉलॉजीचा अहवाल आला. तंतू रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेले, आजूबाजूचं फुप्फुस मेलेलं. निदानाला आता शंकेची जागा नव्हती. धुवणातलं सीबीनॅट निगेटिव्ह होतं, आणि टीबीचं कल्चरही सहा आठवड्यांनी निगेटिव्हच आलं.

नाकाची दुर्बिणीतून तपासणी आणि मेंदू-सायनसचा एमआरआय केला. दोन्ही स्वच्छ. आजार एकाच फुप्फुसाच्या एकाच खंडात, म्हणजे एकाच मोठ्या भागात, होता, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांना त्याचाच आधार होता.

औषध आणि किडनी

५८ किलो वजनाला किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ३०० मिलिग्रॅम: ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, रोज. पूर्ण डोस पहिल्याच दिवसापासून. थोड्यापासून सुरू करून हळूहळू चढवायची जुनी पद्धत इथे नडते.

वॉर्डात परिचारिकांनी भिंतीवर कागद लावला होता: हे औषध फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाइनमध्ये मिसळलं तर ते फाटतं, नळीत आधीचं सलाइन राहिलं असेल तरीही. पण किडनी वाचवण्यासाठी औषधाआधी सलाइन तर द्यायचंच असतं. म्हणून क्रम ठरला: सलाइन, मग डेक्स्ट्रोजने नळी धुणं, मग औषध, पुन्हा डेक्स्ट्रोज. त्या डेक्स्ट्रोजसाठी इन्सुलिनचा हिशेब वेगळा. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रोज तपासायचं. चौथ्या दिवशी पोटॅशियम २.८ झालं, मॅग्नेशियमही घसरलं, कारण टॅक्रोलिमसही मॅग्नेशियम लघवीवाटे घालवतं. ही भरपाई चालू असताना रात्रपाळीच्या सिस्टर दर दोन तासांनी साखर बघत होत्या. अशा रुग्णाचं जगणं-मरणं पुष्कळदा या कामावर ठरतं, आणि डिस्चार्जच्या कागदावर त्याची एक ओळही नसते.

आता खरा पेच. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किती कमी करायची? सगळी काढली तर शरीर बुरशीशी लढेल, पण किडनीवरही तुटून पडेल. तशीच ठेवली तर नुसत्या अ‍ॅम्फोटेरिसिनने हा आजार आवरत नाही. आम्ही मायकोफेनोलेट पूर्ण बंद केलं, टॅक्रोलिमसची पातळी ४ ते ५ वर आणायची ठरवली आणि प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅमवर आणलं. स्टिरॉइड एकदम तोडणं शक्यच नव्हतं, अनेक महिने ते घेतलेल्या शरीराची स्वतःची निर्मिती थंडावलेली असते.

हे घरच्यांना सांगणं भाग होतं, आणि किडनी दिली होती ती आई समोर बसली होती. मी म्हटलं, "मावशी, औषधं कमी करतोय. किडनी दगा देऊ शकते. मग पुन्हा डायलिसिस."

त्या थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "किडनी मी दिली ती त्याच्यासाठी. तो राहिला पाहिजे. मशीनवर दोन वर्षं काढलीच की त्यानं."

हा निर्णय डॉक्टरांनी परस्पर घ्यायचा नसतो असं मला मनापासून वाटतं. जिवंत दात्याने दिलेल्या अवयवाचा धोका पत्करताना दात्यालाही त्या खोलीत बसवायला हवं. कायद्याने ते बंधनकारक नाही, पण माणुसकी म्हणून ते करायला हवं.

शस्त्रक्रियेचा प्रश्न

पाचव्या दिवशी ताप उतरला, ऑक्सिजन ९५ झाला. सगळ्यांना वाटलं, मार्गी लागलं. शल्यचिकित्सक मात्र तेव्हाच म्हणत होते की खंड काढून टाकू: मेलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, रक्त नाही तिथे औषधही पोहोचत नाही. आजार एकाच जागी आहे, हीच वेळ. आम्हा औषधवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं: साखर अजून २०० च्या वर आहे, क्रिएटिनिन चढतंय, दोन आठवडे औषध देऊन मग सीटी बघू. निर्णय पुढे ढकलला गेला.

अकराव्या रात्री खोकल्यातून जवळजवळ कपभर रक्त पडलं. आता कॉन्ट्रास्ट देऊन सीटी करायचा का, हा नवा प्रश्न. क्रिएटिनिन २.१ होतं. पण रक्त कुठल्या वाहिनीतून येतंय हे कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नव्हतं. सीटी केला. मधला धूसर भाग आता खरोखरच पोकळी झाला होता आणि तिची भिंत फुप्फुसाच्या मुख्य धमनीच्या एका शाखेला भिडली होती. ब्रॉन्कियल, म्हणजे श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या, धमन्या बुजवण्याचा मार्ग सुचवला गेला. त्याने इतर कारणांचा रक्तस्राव बऱ्याचदा थांबतो, पण इथला धोका दुसऱ्याच वाहिनीचा होता. पुढचा रक्तस्राव कपभरावर थांबेल याची हमी कुणीच देऊ शकत नव्हतं.

तेराव्या दिवशी उजवा वरचा खंड काढला. तो छातीच्या भिंतीला चिकटलेला होता, सोडवायलाच दोन तास गेले. कापलेल्या खंडात मधोमध काळपट, ओलसर, मेलेला गोळा होता. स्टिरॉइडवरच्या माणसात श्वासनलिकेचं कापलेलं टोक नीट भरून येत नाही, ही मोठी भीती. म्हणून बरगड्यांमधल्या स्नायूची पट्टी त्या टोकावर शिवली. कडांच्या तपासणीत बुरशी सापडली नाही. छातीत घातलेल्या नळीतून हवा आठ दिवस गळत राहिली, मग थांबली.

पुढचे महिने

क्रिएटिनिन एकोणिसाव्या दिवशी २.६ वर गेलं. अ‍ॅम्फोटेरिसिनचा डोस कमी करायचा की औषधच बदलायचं? डोस अर्धा करून किडनी आणि आजार दोघांनाही अर्धवट न्याय देणं मला पटत नव्हतं. कडा स्वच्छ होत्या, माणूस खात-पीत होता, म्हणून चोविसाव्या दिवशी आयसाव्हुकोनाझोल या म्युकरवर चालणाऱ्या गोळ्यांवर नेलं: पहिले दोन दिवस दर आठ तासांनी २०० मिलिग्रॅम, पुढे रोज एकदा. पोसाकोनाझोलही चाललं असतं. पण त्यात टॅक्रोलिमस एकदम एक तृतीयांशावर आणावं लागतं, आणि आधीच कमी ठेवलेल्या डोसमध्ये एवढी उलथापालथ नको होती. आयसाव्हुकोनाझोलनेही पातळी चढते, मात्र बेताने. आठवड्यातून दोनदा तपासत होतो. ४.६ वरून ती ७.८ झाली, डोस कमी केला, पुन्हा पाचवर आली.

अडतिसाव्या दिवशी तो घरी गेला. दुसऱ्या महिन्यात क्रिएटिनिन १.९ वर अडकलं तेव्हा पुन्हा बायोप्सी केली. अंदाजाने स्टिरॉइड देणं सोपं होतं, पण ते चुकीच्या दिशेने नेलं असतं. बायोप्सीत रिजेक्शन नव्हतं, औषधाने झालेली नलिकांची इजा होती, म्हणजे काही न करता वाट बघायची. तीन महिन्यांनी मायकोफेनोलेट निम्म्या डोसने परत आणलं. सहा महिन्यांनी, सीटीत फक्त व्रण उरला आहे असं पाहून, आयसाव्हुकोनाझोल थांबवलं.

प्रत्यारोपणानंतर वर्षभराने क्रिएटिनिन १.७ आहे. डायलिसिस लागलं नाही. इन्सुलिन सुटून गोळ्यांवर साखर आहे. जिना चढताना थोडी धाप लागते.

वेगळं काय करता आलं असतं

शस्त्रक्रियेच्या वेळेवर आमच्यात आजही एकमत नाही. पाचव्या दिवशी केली असती तर ती रात्र टळली असती, असं शल्यचिकित्सकांचं म्हणणं. साखर अनावर असताना छाती उघडली असती तर टाके तुटले असते, असं माझं. पण तारीख न ठरवता 'बघू' म्हणणं योग्य नव्हतं यावर दोघंही सहमत आहोत. आता अशा रुग्णात दर ७२ तासांनी दोन्ही बाजू एकत्र बसतात आणि पुढचा सीटी कधी, काय दिसलं तर शस्त्रक्रिया, हे आधीच लिहून ठेवतात.

साखरेचं काम गावी गेल्यावर सैल झालं होतं. एप्रिल ते जून या काळात घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी आठवड्यातून एखाददुसऱ्या होत्या आणि त्या कुणी मागितल्याही नव्हत्या. रिजेक्शनचा उपचार झालेल्या प्रत्येकाकडून आता तीन महिने दर आठवड्याला नोंदींचा फोटो मागवला जातो.

रिजेक्शनवर जोरकस उपचार केल्यावर सगळ्यांनाच बुरशीप्रतिबंधक गोळ्या द्याव्यात का? फुप्फुस प्रत्यारोपणात तशी पद्धत अनेक केंद्रांत आहे, किडनीत नाही. मला सरसकट देणं मान्य नाही: खर्च मोठा, टॅक्रोलिमसशी झटापट रोजची आणि हा आजार होणारे थोडे. त्यापेक्षा ताप आल्यावर एक्स-रेवर न थांबता त्याच दिवशी सीटी करणं जास्त कामाचं आहे. हे तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचावं म्हणून डिस्चार्जच्या वेळी त्यांच्या नावाने वेगळं पत्र जातं. त्यात पहिलं वाक्य रिफाम्पिसिनबद्दल आणि दुसरं सीटीबद्दल असतं.

राहिला उकिरडा, जिथून बुरशीचे बीजाणू श्वासात गेले असावेत. घरी जाताना त्याला 'धूळ टाळा, मास्क लावा' असं सांगितलं होतं, आणि आपण ते पाळतोय असं त्यालाही वाटत होतं. गावाकडच्या माणसाला धूळ म्हणजे रस्त्यावरची धूळ. शेणखत, ओला कडबा, भुसा, कुजलेला पाला, कोंबड्यांचं खुराडं, जुनी भिंत पाडणं यांपैकी कशाचंच नाव कुणी घेतलं नव्हतं. आता समन्वयक ताई आधी घर आणि गोठा यांबद्दल विचारतात, वर्षभरात कुठली कामं कधी निघतात ते लिहून घेतात आणि ती कोण करणार हे बायको-भावासमोर ठरवतात. पहिलं वर्ष खताच्या जवळ जायचं नाही, पुढेही गेलात तर एन-९५ घालून आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून. त्याने शेती सोडावी असं आम्ही सांगितलं नाही, पोट त्यावरच आहे. या मे महिन्यात उकिरडा उपसला तेव्हा तो दोन दिवस बहिणीकडे कराडला राहिला होता.